डायल टोन येतो, इकडून फोन लागतो, पण बाहेरून आलेला फोन वाजतच नाही : लँडलाईन ॲडॉप्टरचा परत परत येणारा त्रास

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आमचं घर, मागं टॉवेलचे माग आणि पुढच्या खोलीत ऑफिस. त्या ऑफिसातला ०२१७ वाला नंबर अप्पांनी तीस वर्षांपूर्वी घेतलेला आहे आणि बिलावर, पॅकिंगवर, हैदराबाद-बेंगळुरूच्या व्यापाऱ्यांच्या वहीत सगळीकडे तोच छापलाय. तांब्याची वायर दर पावसाळ्यात जायची म्हणून फायबर घेतलं, नंबर तोच फायबरवर आणला, कंपनीकडून सिपचं (इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता घेतला आणि राउटरला इंटरनेट फोनचा ॲडॉप्टर लावून जुना सेट त्याला जोडला. पहिल्या दिवशी सगळं मस्त. आठवड्याभरात व्यापाऱ्यांचे अप्पांच्या मोबाईलवर फोन यायला लागले की ऑफिसचा फोन लागत नाही, बंद केला का. अप्पा प्रत्येक वेळी जाऊन रिसीव्हर उचलायचे, टोन ऐकायचे आणि म्हणायचे "लाईन चालू हाय की".

सगळा घोळ इथंच आहे आणि माझे दोन महिने ह्याच्यातच गेले, म्हणून आधी हेच लिहितो. जुन्या तांब्याच्या लाईनवर डायल टोन एक्स्चेंजमधून यायचा, त्यामुळं टोन आला म्हणजे लाईन जिवंत हे गणित बरोबर होतं आणि अप्पांच्या पिढीच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. इथं तो टोन समोरचा डबाच, म्हणजे ॲडॉप्टरच, तयार करतो. बऱ्याच डब्यांत सेटिंग असं असतं की सर्व्हरशी नोंदणी (मी इथं आहे, माझे फोन इकडं पाठवा अशी हजेरी) असो नसो टोन वाजवायचा, इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी टोन येतो, बघा करून. त्यामुळं टोन आहे ह्यावरून फक्त एवढंच कळतं की सेट ते डबा ही दीड मीटरची वायर ठीक आहे, पुढं डबा ते राउटर आणि राउटर ते कंपनीचा सर्व्हर ह्याबद्दल टोन काहीच सांगत नाही. तुमच्या डब्यात नोंदणी नसताना टोन किंवा कॉल द्यायचा नाही असं सेटिंग मिळालं तर पहिलं ते करून टाका, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांना निदान कळतं की आत्ता फोन बंद आहे.

आता मूळ बिघाड. इकडून केलेला फोन लागतो, बाहेरून येणारा कधी वाजतो कधी नाही, आणि डबा बंद-चालू केला की थोडा वेळ सगळं ठीक. हे असं असेल तर एक टेस्ट करा, पाच-दहा मिनिटं लागतात. लँडलाईनवरून मोबाईलला एक फोन लावा, उचला, ठेवा. मग घड्याळ बघून अर्ध्या मिनिटानं मोबाईलवरून लँडलाईनला लावा, वाजला तर ठेवून द्या. परत लँडलाईनवरून एक कॉल करा आणि ह्यावेळी दोन मिनिटं थांबून लावा, मग तसंच करून पाच मिनिटांनी. प्रत्येक वेळी मध्ये इकडून कॉल करायचा, तो विसरला तर टेस्ट फसते. आमच्याकडं अर्ध्या मिनिटाला वाजायचा, दोन मिनिटांना कधी वाजायचा कधी नाही, पाच मिनिटांना कधीच नाही. हे दिसलं की समजायचं डबा चांगला आहे, लाईन चांगली आहे, राउटरनं दार बंद केलंय.

दार म्हणजे काय ते सांगतो. राउटरच्या आत तुमच्या डब्याचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होणारा घरगुती पत्ता असतो, बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. डबा सर्व्हरला निरोप पाठवतो तेव्हा राउटर तात्पुरती नोंद ठेवतो की ह्या पोर्टवर उत्तर आलं तर ते ह्या डब्याला द्यायचं. सिप बहुतेक ठिकाणी यूडीपी नावाच्या निरोप पाठवायच्या पद्धतीवर, ५०६० पोर्टवरून चालतं, आणि यूडीपीत संभाषण संपलं असं कोणी सांगत नाही, त्यामुळं राउटर थोडा वेळ काही हालचाल दिसली नाही की नोंद पुसून टाकतो. हा वेळ राउटरप्रमाणं अर्ध्या मिनिटापासून तीनेक मिनिटांपर्यंत असतो. आणि डबा सर्व्हरकडं परत हजेरी कधी लावतो, तर सिस्को-लिंक्सिसच्या जुन्या डब्यांत रजिस्टर एक्स्पायर्स ३६०० सेकंद म्हणजे तासाचं असतं. मग मधला जवळजवळ सगळा तास सर्व्हर बिचारा कॉल पाठवतोय आणि राउटर तो दारातूनच परत पाठवतोय. डब्याच्या पानावर मात्र रजिस्टर्ड असंच हिरवं दिसतं, कारण डब्याला हे कळायला मार्गच नाही.

उपाय : कीप-अलाइव्ह चालू करा आणि त्याचा वेळ २० ते ३० सेकंद ठेवा. नाव वेगवेगळं असतं, कुठं नॅट कीप अलाइव्ह, ग्रँडस्ट्रीमच्या डब्यात सिप ऑप्शन्स कीप अलाइव्ह असं दिसेल. ह्यानं दर अर्ध्या मिनिटाला एक छोटासा निरोप जात राहतो आणि दार उघडं राहतं. सोबत नोंदणीचा वेळ तासावरून पाच-दहा मिनिटांवर आणा, पण इथं एकक नीट बघा, सिस्कोच्या डब्यात तो आकडा सेकंदात आहे आणि ग्रँडस्ट्रीममध्ये मिनिटांत, तिथं ३०० लिहिलं तर पाच तास होतात. उलट फार कमीही करू नका, दर दहा सेकंदाला हजेरी लावणारा डबा काही सर्व्हर ब्लॉक करून टाकतात आणि मग ते सोडवायला कस्टमर केअरला दिवसभर फोन करत बसावं लागतं.

डब्याचं पान उघडायचं कसं हे विचारणारे लई जण असतात. ग्रँडस्ट्रीमच्या डब्याला जोडलेल्या फोनवरून तीनदा स्टार दाबा, मेनू बोलायला लागला की ०२ दाबा, डबा स्वतःचा आयपी पत्ता वाचून दाखवतो. सिस्को-लिंक्सिसच्या जुन्या डब्यांवर चारदा स्टार आणि मग ११० आणि हॅश. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा. पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर बघा, आणि आत गेलात की तो आधी बदला.

एवढं करून आमचा फोन तीन आठवडे व्यवस्थित चालला. मग परत तेच. अप्पा म्हणाले तुझं ते सेटिंग उडालं. सेटिंग जागेवरच होतं, पण ह्यावेळी टेस्ट केली तर अर्ध्या मिनिटानंसुद्धा वाजेना, आणि इकडूनही लागेना, नुसता टोन. लक्षण लांबून तेच, कारण वेगळं. आदल्या दुपारी लाईट गेली होती. लाईट आली की डबा वीस सेकंदात उठतो आणि फायबरचा राउटर दोन-तीन मिनिटं घेतो. डबा उठून सर्व्हर शोधतो, इंटरनेटच नाही, नोंदणी फसते, आणि मग तो परत प्रयत्न करायला थांबून बसतो. सिस्कोच्या डब्यात रेग रिट्राय लाँग इंटरव्हल म्हणून एक खण असतो, त्यात १२०० सेकंद म्हणजे वीस मिनिटं असतात, आणि माझा डबा तर एकदा सर्व्हरचं नाव सापडलं नाही की परत उठायचाच नाही, हातानं बंद-चालू करावा लागायचा. उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी लाईट जाणं-येणं काय नवीन नाही, म्हणजे रोजचंच झालं.

फसल्यावर परत प्रयत्न करायचा वेळ ३० सेकंदावर आणला, डीएनएसच्या (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) खणात राउटरच्या भरवशावर न राहता एका ठरलेल्या डीएनएसचा पत्ता टाकला, आणि राउटर आणि डबा दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर घेतले. यूपीएस घेताना व्होल्ट बघा, हे मी हात जोडून सांगतो. राउटर बहुतेक १२ व्होल्टचा असतो, ॲडॉप्टर कितीतरी ५ व्होल्टचे असतात, आणि दोघांची गोल पिन सारखीच बसते. १२ ची पिन ५ च्या डब्यात गेली की डबा गेला. मी दोन्ही वायरींना रंगीत टेप गुंडाळून ठेवलीय, आई झाडताना वायर काढते आणि परत लावते, तिला टेपवरून बरोबर कळतं.

यूपीएस नुसता सोयीसाठी नाही. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची, घरात अंधार असला तरी फोन चालायचा. हा फोन लाईट गेली की बंद. घरात म्हातारं माणूस एकटं असेल तर त्याला हे समजावून सांगा आणि ११२ लावायला चार्ज असलेला साधा मोबाईल हाताशी ठेवा.

तिसऱ्या वेळी परत बिघडला तेव्हा राउटर बदलून गेले होते कंपनीचे लोक. ह्यावेळी फोन वाजायचा, उचलला की बोलणं व्हायचं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास कट. अप्पा वैतागले, गिऱ्हाईकाला वाटतं आपणच ठेवला. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलं तर प्रत्येक वेळी ३२ सेकंद. हा ३२ आकडा लक्षात ठेवा. सिपमध्ये फोन उचलल्यावर एका बाजूनं "उचलला" असा निरोप जातो आणि दुसऱ्या बाजूनं "कळलं" अशी पोच यावी लागते. पोच आली नाही तर निरोप परत परत पाठवला जातो आणि अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंदांनी कॉल सोडून दिला जातो. म्हणजे पोच मध्येच कुठंतरी हरवतेय. आमच्याकडं नवीन राउटरमध्ये सिप एएलजी चालू होतं. हे फीचर सिपचे निरोप उघडून त्यातले पत्ते स्वतः बदलतं, कल्पना मदतीची आहे पण कितीतरी राउटरमध्ये ते अर्धवट बदलतं आणि पोच भलत्याच पत्त्यावर जाते. राउटरच्या पानावर सिक्युरिटी, नॅट किंवा एएलजी अशा मेनूत सिपसमोरची टिक काढा, राउटर रीस्टार्ट करा, मग डबा रीस्टार्ट करा, ह्याच क्रमानं. मेनूच दिसत नसेल तर कंपनीला सांगून त्यांच्याकडून बंद करून घ्या. सॉफ्टवेअर अपडेट झालं की ती टिक परत येऊ शकते, म्हणून परत ३२ सेकंद दिसले तर आधी तिथंच जा.

बरोबर पंधरा मिनिटांनी कॉल तुटत असेल तर ते वेगळं, तिथं सेशन टायमर बघायचा. सेशनची मुदत बऱ्याचदा १८०० सेकंद असते आणि अर्ध्यावर म्हणजे ९०० सेकंदाला ती वाढवून घ्यायचा निरोप जातो, तो अडकला की कॉल जातो. आणि एका बाजूचाच आवाज येत असेल तर आवाजाची पाकिटं वेगळ्या पोर्टवरून जातात ती अडकतायत. एएलजी बंद करूनही राहिलं तर घरात राउटरच्या मागं अजून एक राउटर आहे का बघा. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत कंपनीचा एक आणि वायफाय लांब जावं म्हणून पोरानं आणलेला दुसरा असतो, आणि डबा दुसऱ्याला लावलेला असतो. डब्याची वायर काढून पहिल्या राउटरला लावा, निम्मे त्रास तिथंच संपतात.

आता नंबर फिरवण्याचं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावं लागतं. तांब्याच्या लाईनवर ते विसरलं तर निदान रेकॉर्ड केलेली बाई सांगायची, ॲडॉप्टरवर कधीकधी नुसता बिझी टोन येतो आणि माणूस समजतो डबा बिघडला. डब्यात डायल प्लॅन म्हणून खण असतो, त्यात नियम करता येतो की ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारा दहा अंकी नंबर फिरवला तर पुढं स्वतःहून शून्य लावायचं. सोलापुरातल्या सोलापुरात सात अंक, त्याचा वेगळा नियम, आणि १०८, ११२ असे छोटे नंबर लगेच जाऊ द्यायचा वेगळा. काही कंपन्यांचा सर्व्हर लोकल नंबरलाही ०२१७ मागतो, ते आधी विचारून घ्या आणि तोही डायल प्लॅनमध्येच टाका. अप्पांना सवय बदलायला लागली नाही ह्याचं मला सगळ्यात समाधान. फिरवल्यावर चार-पाच सेकंद शांतता वाटत असेल तर डबा अजून अंक येतील म्हणून थांबलाय, शेवटी हॅश दाबलं की लगेच जातो.

बँकेच्या फोनवर एक दाबा दोन दाबा चालत नसेल तर डीटीएमएफची, म्हणजे दाबलेल्या बटणांचे टोन पाठवायची, पद्धत आरएफसी २८३३ करा. आवाज घोगरा येत असेल तर कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करायची पद्धत) जी ७११ ए-लॉ पहिल्या नंबरावर ठेवा, एका कॉलला एका बाजूनं नव्वद केबीपीएसच्या आतच लागतं, फायबरला ते काहीच नाही. टोन परदेशी वाटत असतील तर देश इंडिया निवडा, आणि हातानं भरायचे असतील तर आपला बिझी टोन ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू पाऊण सेकंद बंद.

घरातल्या जुन्या वायरिंगचं नीट वाचा, कारण इथं डबा जळतो. तीन खोल्यांत तीन सेट असतात आणि वाटतं डब्याची वायर भिंतीतल्या रोझेटमध्ये (जुन्या फोनच्या सॉकेटमध्ये) घातली की तिन्ही चालतील. चालतात, पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची ड्रॉप वायर रोझेटमधून पूर्ण सोडवून तिच्या टोकांना टेप लावायला पाहिजे. ॲडॉप्टरचा फोनचा पोर्ट स्वतः ४८ व्होल्टच्या आसपास वीज देतो आणि वाजवताना त्याहून जास्त. बाहेरच्या लाईनवरही तेच असतं. दोन्ही एकमेकांवर आले की नाजूक बाजू आपल्या डब्याची. लाईन मेलीय, कनेक्शन तोडलंय असं म्हणून सोडू नका, बाहेर टेलिफोनच्या डीपीवर (जोडणीच्या पेटीत) कोणीतरी कधीतरी जोडून जातो. आणि जुने घंटीवाले तीन सेट एकत्र लावले तर घंटी मरतुकडी वाजते, डब्याची ताकद ठरलेली असते, तेव्हा एक घंटीवाला आणि बाकी साधे इलेक्ट्रॉनिक सेट ठेवा. चकतीचा फोन असेल तर तुमचा डबा पल्स समजतो का ते घ्यायच्या आधी बघा, कितीतरी डबे फक्त बटणाचे अंक समजतात.

मागवाल्यांसाठी अजून एक. फोनमध्ये सतत गुंऽऽ असा आवाज येत असेल आणि शेड बंद झाली की थांबत असेल तर फोनची वायर मोटरच्या वायरीच्या पट्टीतूनच गेलीय. वेगळी करा, फूटभर लांबून न्या, जिथं ओलांडायचीच आहे तिथं काटकोनात ओलांडा. आमच्याकडं एवढ्यानंच गेला. आणि डबा पत्र्याखाली कपाटावर ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असतं तेव्हा पत्र्याखाली काय असेल ते मागावर काम करणाऱ्यांना सांगायला नको. माझा डबा दुपारी हँग व्हायचा, खाली भिंतीला खिळ्यावर उभा टांगला तेव्हापासून नाही.

ज्यांना ॲडॉप्टर अजून घ्यायचाय त्यांनी आधी फायबरच्या डब्याच्या मागं बघा, टेल किंवा फोन असं लिहिलेला छोटा पोर्ट असेल तर कंपनीची लँडलाईन तिथूनच चालते, वेगळा ॲडॉप्टर लागतच नाही. आणि वेगळा घ्यायचा तर कंपनीला विचारा की आवाजासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच फायबरवरचा वेगळा बंद मार्ग) आहे का, असेल तर तुमचा ॲडॉप्टर साध्या इंटरनेटवरून त्यांच्या सर्व्हरपर्यंत पोचणारच नाही, पासवर्ड बरोबर असला तरी. दुकानदार हे सांगत नाही, त्याला माहीतही नसतं. पोर्टचं नावही बघून घ्या : सेट जोडायचा पोर्ट एफएक्सएस, बाहेरची तांब्याची लाईन आत घ्यायचा एफएक्सओ. ज्यांच्याकडं तांब्याची लाईन अजून चालू आहे आणि तीच डब्यातून घ्यायचीय त्यांना एफएक्सओवाला डबा लागतो, आणि तिथला नेहमीचा त्रास म्हणजे समोरच्यानं फोन ठेवला तरी डबा लाईन सोडत नाही, दिवसभर एंगेज. वर दिलेला बिझी टोनचा आकडा तिथं डिस्कनेक्ट टोन म्हणून भरला की सोडतो. पण त्या पोर्टवरून इंटरनेटवरचे परदेशातले कॉल इथल्या लँडलाईनवर उतरवून देतो असं कोणी सांगत आलं, महिन्याला एवढे देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. विनापरवाना असं करणं गुन्हा आहे आणि लाईन ज्याच्या नावावर त्याच्या दारात पोलीस येतात.

आमचा फोन आता जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधीपासून एकदाही बंद पडलेला नाही. अप्पा अजून रोज सकाळी रिसीव्हर उचलून टोन ऐकतात, आणि त्यानंतर मी शिकवल्याप्रमाणं मोबाईलवरून एक मिस कॉल देऊन घंटी वाजते का तेही बघतात. तुमच्याकडं वरचं सगळं करूनही वाजत नसेल तर डब्याचं मॉडेल, राउटर एक आहे का दोन, आणि त्या घड्याळाच्या टेस्टमध्ये किती मिनिटांपर्यंत वाजला हे तीन लिहा. तिसरं नक्की लिहा, त्याच्याशिवाय काही सांगता येत नाही.